मादीला आधी खोदायला जागा द्या

श्रोतेहो, नमस्कार. थंडी सरली की घरातल्या बिअर्डेड ड्रॅगनचं, म्हणजे मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या या पाळीव सरड्याचं, वागणं पालटतं. नराची दाढी काळीभोर होते, गळा फुगतो आणि मान जोरजोरात वरखाली होऊ लागते. मादी कधी सावकाश मान हलवते, तर कधी पुढचा एक पाय उचलून हवेत गोल फिरवते. हे पाय हलवणं पाहून पुष्कळ जण ती तयार आहे असं धरतात. खरं तर ती नमतं घेत असते. त्यानंतर नर तिची मान दातांत पकडतो, आणि मीलन काही मिनिटांत उरकतं. मानेवर किरकोळ खुणा उठल्या तर चालतं. रक्त आलं किंवा ती सतत पळत राहिली, तर दोघांना लगेच वेगळं करा. एरवीही नर आणि मादी एका टँकमध्ये कायम ठेवू नयेत. नर तिला खाऊ देत नाही, उन्हाच्या जागेवर बसू देत नाही, आणि ती झिजत जाते.

मादी किमान दीड-दोन वर्षांची आणि साडेतीनशे ग्रॅमच्या वरची असावी. त्याआधी तिचं कॅल्शियम स्वतःच्या हाडांनाच पुरत नसतं. अंड्यांची टरफलं त्याच साठ्यातून बनतात आणि मग पाय लटपटू लागतात. म्हणून खाण्यावर कॅल्शियमची पूड, शेवग्याचा पाला आणि चालू स्थितीतली अतिनील किरणांची यूव्हीबी ट्यूब या तिन्ही गोष्टी आधीपासून हव्यात. ट्यूब उजेड देत राहते, पण तिचे अतिनील किरण वर्षभरात मंदावतात, हे विसरू नका.

मीलनानंतर चार ते सहा आठवड्यांनी अंडी येतात, साधारण पंधरा ते तीस. पोटावर गोट्यांसारखे उंचवटे दिसतात, भूक उडते आणि मादी टँकचे कोपरे उकरू लागते. आमच्या मते इथेच सगळ्यात जास्त माद्या दगावतात. टँकच्या तळाला टाइल किंवा कागद असतो आणि खोदायला काहीच नसतं. मग ती अंडी धरून ठेवते आणि ती आतच अडकतात. नर घरात नसला तरी वयात आलेली मादी निष्फळ अंडी घालू शकते, त्यामुळे एकटी मादी पाळणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यायला हवं.

उपाय स्वस्त आहे. मादी आरामात वळू शकेल एवढा मोठा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात वाळू आणि माती, किंवा वाळू आणि कोकोपीट, किमान पंचवीस सेंटिमीटर भरा. ओल इतकीच हवी, की मूठ दाबल्यावर गोळा टिकेल पण पाणी गळणार नाही. कोरड्या वाळूत बोगदा ढासळतो आणि मादी काम सोडून देते. टब गरम जागेत ठेवा आणि तिला एकटं सोडा. सारखं डोकावलं तर ती थांबते. अंडी घातल्यावर ती खड्डा स्वतः बुजवते. दोन दिवस उकरूनही अंडी आली नाहीत, ती निपचित पडली, डोळे खोल गेले किंवा मागचे पाय ओढू लागली, तर त्याच दिवशी सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. पोट दाबून अंडी काढू पाहणं जिवावर बेतू शकतं.

अंडी उचलताना वरची बाजू वरच राहू द्या. पेन्सिलीने हलकी खूण करा, कारण नंतर उलटलेल्या अंड्यातलं पिल्लू मरू शकतं. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं खनिज) आणि तितक्याच वजनाचं पाणी मिसळून त्यात अंडी अर्धी रुतवा. तापमान 28 ते 29 अंश ठेवलं तर पिल्लं साधारण दोन ते अडीच महिन्यांत बाहेर येतात.

आता ठाण्याची अडचण. फेब्रुवारीत मीलन झालं, तर अंडी एप्रिल-मेच्या उकाड्यात सापडतात. साधा इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी, फक्त गरम करतो, थंड करत नाही. खोलीच 34 अंशांवर गेली, तर थर्मोस्टॅट बल्ब बंद करण्यापलीकडे काही करू शकत नाही. या प्राण्यात त्याचा परिणाम वेगळाच होतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं, की 32 अंशांच्या वर जनुकांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन जन्मतात. 2015 मध्ये रानातही अशा माद्या आढळल्या. तापमान आणखी चढलं, तर पिल्लं मरतात. म्हणून एसीची खोली किंवा थंडही करणारा इन्क्युबेटर हवा, आणि लाइट गेल्यावर डबा कुठे ठेवायचा हे आधी ठरवलेलं हवं.

पिल्लं जूनच्या दमट हवेत आली, तर ओला टँक श्वसनाचे आजार देतो, त्यामुळे हवा खेळती ठेवा. ती एकमेकांची बोटं आणि शेपट्या चावतात, म्हणून आकारानुसार वेगळी करा. एक पिल्लू दिवसाला वीसेक बारीक रातकिडे खातं, म्हणजे वीस पिल्लांना चारशे. एवढं जमणार नसेल, तर ताजी अंडी पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे आत पिल्लं वाढणार नाहीत. नको झालेली पिल्लं येऊरच्या जंगलात किंवा पारसिकच्या डोंगरावर सोडू नका. ती तिथली नाहीत.

अंडी घातलेल्या मादीला कोमट पाणी, भरपूर खाणं आणि कॅल्शियम द्या. नर लांबच ठेवा आणि टब मात्र काढू नका. ती वीर्य साठवून ठेवते, आणि काही आठवड्यांनी नराशिवाय पुन्हा अंडी घालू शकते.