बरगडीखालचं दुखणं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या बाजूला वळलं, की जंगल दाट होत जातं. भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर भर पावसाळ्यात गाडी दारापर्यंत येईलच, याचा भरवसा नाही. इथली आठव्या महिन्याची गरोदर बाई म्हणाली, ‘‘वरच्या पोटात दुखायलंय, मळमळतंय,’’ तर घरातून उत्तर येतं, पित्त झालंय, जिऱ्याचं पाणी घे.

बहुतेक वेळा ते पित्तच असतं. फसगत होते ती त्यामुळेच.

शेवटच्या महिन्यांत दुखणं उजव्या बरगडीखाली असेल, तर आधी यकृताचा विचार करावा लागतो. गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या आजाराचं एक उग्र रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम. अमेरिकेतले डॉक्टर लुई वाइनस्टीन यांनी १९८२ साली त्याला हे नाव दिलं. यात तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घसरतात, यकृत सुजून त्यावरचं आवरण ताणलं जातं. क्वचित आवरणाखाली रक्त साठून यकृत फुटतंही. काही जणींचा रक्तदाब मात्र वाढलेला नसतो, म्हणून नुसता पट्टा बांधून भागत नाही, रक्त तपासावंच लागतं. मूळ वारेत असल्यामुळे खरा इलाज प्रसूतीच. आणि हा आजार बाळंतपणानंतरच्या दोन दिवसांतही उभा राहू शकतो, तेव्हा घरी जायची घाई नको.

डाव्या बाजूचं संकट याहून दुर्मिळ, आणि जास्त कपटी. डाव्या बरगड्यांखालच्या प्लीहेकडे जाणाऱ्या धमनीला कधी फुगा आलेला असतो. तो फुटतो तो बहुधा शेवटच्या तिमाहीत. बाई अचानक कळवळते, घेरी येऊन पडते. काही वेळा पहिलं रक्त जठरामागच्या पोकळीत अडून राहतं. मग ती सावरते, उठून बसते, ‘‘आता बरं वाटायलंय’’ म्हणते. घरचेही निःश्वास टाकतात. काही तासांनी तो बांध फुटतो आणि रक्त सगळ्या पोटात पसरतं. तेव्हा आई आणि बाळ दोघांनाही वाचवणं फार अवघड.

हे मधले तास म्हणजे खानापूरहून बेळगावच्या सिव्हिलला पोचायचा वेळ. १०८ला फोन करताना बाई बरी दिसत असली तरी घेरी आल्याचं सांगा, आणि तायी कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, बरोबर घ्या. रक्तगट त्यावर लिहिलेला असतो.