उजवीकडची तार

नमस्कार श्रोतेहो. येत्या मे महिन्यात मी सायकलवर ऑस्ट्रेलिया ओलांडायला निघते आहे. पर्थ ते सिडनी, सुमारे ४००० किलोमीटर, एकटी. पश्चिमेचा वारा पाठीशी मिळावा म्हणून सुरुवात पर्थहून. इंदूरमध्ये भेटेल तो विचारतो, "पाय तयार झाले का?" पाय चालवता चालवता तयार होतात. माझी खरी तयारी हातांची चालली आहे.

डिसेंबरात सगळं सामान लादून ओंकारेश्वरला गेले होते. परतताना चोरल मागे पडलं, भेरू घाट सुरू झाला आणि मागच्या चाकातून टणकन आवाज आला. उजवीकडची तार, म्हणजे स्पोक, तुटली होती. चाक आउट होऊन, म्हणजे डुलत फिरून, ब्रेकला घासू लागलं. नवी तार पिशवीत होती, पण कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं, उतरवल्याशिवाय ती भोकात जाईना आणि कॅसेटची चावी मी घरी ठेवलेली! एका टेम्पोवाल्या भाऊंनी इंदूरला आणून सोडलं, त्यांचे उपकार.

वाटेत नलरबॉरचा ओसाड माळ लागतो. तिथे नॉर्समन ते सेडुना या १२०० किलोमीटरांत सायकलचं एकही दुकान नाही. नॉर्समनहून पहिलं रोडहाउस, म्हणजे पेट्रोल आणि खाण्यापिण्याचा थांबा, बॅलडोनियाला, सुमारे १९० किलोमीटरवर. म्हणजे दोन दिवसांचं पाणी, १२ लिटर, सोबत हवं. १२ लिटर म्हणजे १२ किलो, आणि हे ओझं मागे लादलं की ते त्याच तारांवर येतं. म्हणून निम्मं पाणी आता पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना बांधते आणि तसंच घाट चढते. १८९६ साली आर्थर रिचर्डसन पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कूलगार्डीहून अॅडिलेडला ३१ दिवसांत सायकलनं पोहोचला, तेव्हा त्याच्याकडे थोडंसं सामान आणि पाण्याची एक पिशवी होती. त्याच्या धीराला माझा नमस्कार, पण मी तेवढ्यावर निघणार नाही.

दर रविवारी इथे मल्हारगंजात एका काकांच्या सायकलच्या दुकानात बसते. कॅसेटला जागा द्यायची म्हणून उजवीकडच्या तारा उभ्या बसतात आणि डावीपेक्षा जास्त ताणाव्या लागतात, हे त्यांनी तार बोटानं छेडून ऐकवलं. उजवीचा सूर चढा. आउट काढताना निपल, म्हणजे तारेच्या टोकाची छोटी चाकी, पाव फेराच फिरवायचा, मग चाक फिरवून बघायचं. कॅसेटसाठी आता सायकलच्या फ्रेमचाच आधार घेणारी बोटभर चावी घेतली आहे.

गेल्या रविवारी एक तार मुद्दाम काढून नवी बसवली. ५० मिनिटं लागली. काकांनी ब्रेकच्या रबराला डोळा लावून चाक फिरवलं, थांबवलं आणि म्हणाले, "छान. आता परत काढ."