पाळणाघर कुठे बांधायचं?

नमस्कार. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, तेही भाषण ऐकायला, एवढी माणसं जमली याचा मला फार आनंद आहे. मागच्या रांगेत दोघी-तिघी बाळं घेऊन बसल्या आहेत. बाळ रडलं तर बाहेर जाऊ नका, मी आवाज वाढवीन. आजचा विषयच त्यांचा आहे.

घरून काम करत मूल वाढवणं हे टाळेबंदीत, २०२० साली सुरू झालं, असं आपण धरून चालतो. कॉल चालू आहे, आपण म्यूटवर, आणि आतून हाक येते, ‘आई, झालं!’ हसताय, म्हणजे घरोघरी हेच आहे. मीही इथे पुण्यात हिशेबतपासणीचं काम घरूनच करते. पण मी वाढले सोलापुरात, पूर्व भागात. तिथे बायका पिढ्यान्‌पिढ्या घरून काम करत आल्या आहेत. गिरगावात १९५९ साली सात जणींनी पापड लाटायला घेतले, त्या उद्योगाचंही गणित हेच होतं: भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून, वाळवून पापड परत आणून द्यायचे. असो, सोलापूरकडे येते.

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. त्यांचे यजमान यंत्रमागावर, आणि अक्का बिड्या वळायच्या. तेंदूची पानं रात्री भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापावर धरून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायचं. सुपात एकीकडे पानं, एकीकडे तंबाखू. चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड दुमडलं की झाली एक बिडी. अशा हजार झाल्या की मजुरी. सराईत हाताचाही अख्खा दिवस जातो त्यात. शिवाय माल द्यायला गेलं की खराब म्हणून काढलेल्या बिड्या मजुरीत धरत नसत.

मग मूल कुठे? तुळईला लुगड्याची झोळी, आणि झोळीची दोरी अक्कांच्या पायाच्या अंगठ्याला. हात बिडीत, पाय झोळीत. येणारा-जाणारा कौतुक करायचा, ‘बघा, एकटी बाई दोन्ही कशी सांभाळते!’ त्या कौतुकाचा मला आजही राग येतो. कारण झोळीतलं मूल एक दिवस रांगायला लागतं आणि रांगणारं मूल सुपाकडेच येतं. अक्कांच्या धाकट्यानं एकदा तंबाखू तोंडात घातली. उलट्या, घाम, अंग गार. आमच्या वडिलांनी रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, पोरगा वाचला. दुसऱ्या दिवशी अक्कांनी पुन्हा सूप मांडीवर घेतलं, कारण त्या दिवसाची मजुरी बुडालीच होती, आणि थोरलीची शाळा बंद केली. ती माझ्याच वर्गात होती. आधी नुसती भावाला सांभाळायची, मग दोरा बांधून द्यायला लागली, मग पानं कापायला. बाईंनी हजेरीपटावरून तिचं नाव काढलं तेव्हा मी पहिल्या बाकावर बसले होते. आई घरीच आहे म्हणजे मूल आपोआप सांभाळलं जातं, या समजुतीची किंमत त्या मुलीनं भरली. मी बोलते ती तिच्यासाठी.

इथल्या पुरुषांना एक विचारते. मुलाला ताप आला की शाळेचा फोन कुणाच्या मोबाइलवर येतो? उत्तर द्यायला कुणी पुढे येत नाहीये. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जाताना दिसला, पुरुषांचा ९७. हे बिनपगारी काम, आणि बाई घरून नोकरी करते म्हणून ते काही कमी होत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न एका बाईंनी फार पूर्वी ओळखला होता. लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या ताराबाई मोडक. १९४५ साली त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे दोघी कोसबाडला गेल्या. आदिवासी मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्यांची शाळा कुरणात भरवली. धाकट्याला टाकून थोरलीला शाळेत येता येत नाही, हे पाहिल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला नेमकं हेच हवं होतं! कोसबाडच्या टेकडीबद्दल मी तासभर बोलू शकते, पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. कायद्याचं सगळंच राहिलंय, भराभर सांगते.

प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली. रजेनंतर, काम तसं असेल आणि मालकाशी ठरलं, तर घरून काम करता येईल, असंही त्यात आलं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, तिच्यातही हे आहे. पण पाळणाघर कंपनीच्या बाजूला आणि आई घरी, मग त्याचा तिला उपयोग काय? बिडीचंही तेच. १९६६ चा बिडी कामगारांचा कायदा २०२५ पर्यंत होता; तो घरी बिड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानायचा, पाळणाघर मात्र कारखान्याच्या आवारात सांगायचा.

म्हणून माझी मागणी एकच आहे: पाळणाघर वस्तीत हवं. अंगणवाडी आहे, पण ती काही तासच भरते आणि तीन वर्षांच्या आतलं मूल दिवसभर तिथे ठेवता येत नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची ‘पालना’ योजना आहे, ती बिडी वस्तीतही यावी आणि सोसायट्यांच्या रिकाम्या क्लबहाउसमध्येही.

पैसा कुठून? बिड्यांवर १९७६ पासून कल्याण उपकर होता, त्यातून कामगारांचे दवाखाने आणि मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. जीएसटी आला आणि २०१७ मध्ये तो उपकर गेला. तसा निधी पुन्हा उभा करा, आणि पाळणाघराची सक्ती असलेल्या कंपनीनं घरून काम करणाऱ्या आईचा वाटा तिच्या वस्तीतल्या पाळणाघराला द्यावा. तिथे मुलं सांभाळणाऱ्या ताईंना मानधन नको, पगार हवा, भविष्यनिर्वाह निधीसकट. या मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून प्रभागातली कामं सुचवून घेते. पाळणाघराची खोली, पाणी, संडास हे त्यात मागता येतं. या मागणीचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. आपल्या वस्तीतली मोकळी खोली कुठली, ते त्यात लिहून द्या. आता प्रश्न विचारा, आधी मागच्या रांगेतल्या आयांनी.