आर्चिम्बोल्दोवरची पुस्तकं कशी पारखावीत

जुझेप्पे आर्चिम्बोल्दो या सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकारावरचं कोणतंही पुस्तक हाती आलं, की प्रस्तावनेच्या आधी ‘उन्हाळा’ या चित्राचं पान काढा. १५६३ चं हे चित्र लाकडी फळीवर तैलरंगात रंगवलेलं आहे, सुमारे ६७ बाय ५१ सेंटिमीटरचं, आणि व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. फळाभाज्यांनी जुळवलेला हा माणसाचा चेहरा: नाकाच्या जागी काकडी, गाल पीचचा, उकललेल्या मटाराच्या शेंगेतले दाणे म्हणजे दात आणि कानाच्या जागी मक्याचं कणीस. अंगरखा गव्हाच्या काडांचा आहे. त्याच्या गळपट्टीत चित्रकाराचं नाव विणलंय आणि खांद्यावर साल.

ती अक्षरं तुम्हाला वाचता येतात का? चित्र १७ सेंटिमीटर रुंद छापलं, तर ते मूळच्या एक तृतीयांश झालं. त्याहून लहान छापायचं असेल, तर गळपट्टीचा भाग वेगळा, मोठा करून द्यायलाच हवा. दुसरी अडचण काळ्या पार्श्वभूमीची. छपाईत काळा रंग जास्त बसला, की मागची पानं आणि काड्या त्यात बुडतात, डोक्याची कडा हरवते आणि चेहरा कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आता त्या कणसाकडे वळू. मका अमेरिकेतून आलेला. कोलंबसाच्या पहिल्या सफरीला तेव्हा जेमतेम ७० वर्षं झाली होती. जो लेखक इथे थांबतो, त्याच्यासोबत पुढे जावं. ‘फळाभाज्यांचा गमतीदार चेहरा’ एवढंच म्हणून जो पान उलटतो, त्याने चित्र नीट पाहिलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘विक्षिप्त’ हा शिक्का आर्चिम्बोल्दोवर बसला, त्यात पुस्तकांचाही हात आहे. बेन्नो गायगर यांच्या १९५४ च्या इटालियन ग्रंथाच्या नावातच चित्रांना ‘लहरी’ म्हटलंय. त्याआधी १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याला दादा या कलाचळवळीतल्या आणि अतिवास्तववादी चित्रकारांच्या पंगतीत बसवलं होतं. १९८७ च्या व्हेनिसमधल्या मोठ्या प्रदर्शनाचा ग्रंथही विसाव्या शतकापर्यंतचे धागे जोडतो. फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांचा १९७८ चा निबंध ही चित्रं भाषेसारखी वाचतो. बोलण्यात आपण नाकाला चाफेकळी म्हणतो. हा चित्रकार उपमा थेट फळीवर मांडतो. निबंध सुरेखच आहे, पण दरबार कसा चालायचा, हे त्यातून कळत नाही.

ते कळतं कलाइतिहासकार थॉमस डाकोस्टा कॉफमन यांच्याकडून. त्यांचा १९७६ चा लेख आणि २००९ चं पुस्तक मी आधी वाचायला सांगेन. मिलानचा हा चित्रकार १५६२ मध्ये हाब्सबुर्ग राजघराण्याच्या दरबारात गेला आणि १५८७ मध्ये घरी परतला. चार ऋतू आणि चार महाभूतं ही चित्रं १५६९ च्या नववर्षदिनी सम्राट दुसऱ्या माक्सिमिलियानला नजर झाली. सोबत फोन्तेओची कविता होती. त्या कवितेच्या आधारे कॉफमन दाखवतात, की ऋतूंवर आणि महाभूतांवरही सम्राटाचीच सत्ता आहे, असं ही चित्रं सांगतात. ‘अग्नी’च्या छातीवर तोफा आहेत आणि गळ्यात हाब्सबुर्गांच्या सुवर्णलोकर या मानाच्या सरदारपंथाची साखळी. म्हणून जोड्या समोरासमोर छापलेल्या हव्यात: वसंत आणि वायू, उन्हाळा आणि अग्नी, शरद आणि पृथ्वी, हिवाळा आणि जल. आधी चारही ऋतू आणि मग चारही भूतं छापली, की हा संवाद तुटतो.

एक गफलत वारंवार होते. ऋतूंचे संच एकाहून जास्त आहेत. पॅरिसच्या लूव्रमधला संच १५७३ चा, जर्मनीतल्या सॅक्सनीचा शासक आउगुस्ट याच्यासाठी केलेला. त्याच्या चित्रांभोवती फुलांची चौकट दिसते, ती नंतर रंगवलेली आहे. तिथल्या ‘हिवाळ्या’च्या चटईवर सॅक्सनीच्या राजचिन्हातल्या तलवारी आहेत. लूव्रचं चित्र छापून खाली १५६३ लिहिलं, की पुढचं विवेचनच घसरतं. वर्ष, संग्रहालय, माप आणि आधार, म्हणजे फळी की कापड, हे चारही चित्राखाली असलेच पाहिजेत.

‘ग्रंथपाल’ हे चित्र स्वीडनच्या स्कोक्लोस्टर वाड्यात आहे. केसांच्या जागी उघडं पुस्तक, बोटांच्या जागी खुणेच्या कागदी पट्ट्या. हा दरबारी इतिहासकार वोल्फगांग लाट्सियुस, असं बरीच पुस्तकं ठामपणे छापतात. तो तर्क आहे, नोंद नव्हे. पुस्तकं वाचण्यापेक्षा जमवण्याचाच सोस असणाऱ्यांची ती थट्टा असावी, असंही मत २००५ मध्ये एका लेखात मांडलं गेलं. दोन्ही बाजू सांगणारं पुस्तक घ्यावं.

शेवटी उलटी चित्रं. क्रेमोनाच्या संग्रहालयातला ‘माळी’ सरळ पाहिला तर भाज्यांनी भरलेलं भांडं, उलटा केला की गाल कांद्याचे, ओठ अळंबीचे आणि भांड्याची टोपी. हे चित्र एकाच पानावर बसलं पाहिजे. दोन पानांवर पसरलं, की बांधणीची घडी बरोबर नाकावर येते आणि पुस्तक फिरवूनही चेहरा जुळत नाही.