नाक, कान आणि तारका

[दृश्य: तिबेटी पोथी, दोन शब्दांवर बोट]

हा ‘स्ना’, म्हणजे नाक. हा ‘र्ना’, म्हणजे कान. ल्हासात आज बोलताना यातला स् ऐकू येत नाही आणि र्-ही नाही. लेखन ७व्या शतकाच्या सुमारास बसलं, जोडाक्षरं तशीच राहिली.

[दृश्य: बर्मी अक्षर, जवळून]

बर्मी तिबेटीच्याच भाषाकुळातली. तिच्यात नाक ‘ह्ना’, कान ‘ना’. न-खाली शेपटीसारखं चिन्ह आहे ना, तो ह. स् गेला, पण जाताना न-चा घोष, म्हणजे स्वरतंतूंचा कंप, घेऊन गेला. र् मागमूस न ठेवता गेला.

[दृश्य: सिचुआनचे डोंगर, रेकॉर्डर, वही]

ही ज्याफुग, त्याच कुळातल्या ग्यालरोंग गटातली भाषा. पोथी नाही, शिलालेख नाही, तरी ‘श्ना’ आणि ‘र्ना’ अजून तोंडात आहेत. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यायचा. पहिल्या वेळी यादी वाचल्यासारखा सूर लागतो. शिवाय नुसतं ‘नाक’ इथं मिळतच नाही. मिळतं ‘अ-श्ना’, माझं नाक. हा ‘अ’ सोलायचा राहिला, तर वहीतला प्रत्येक अवयव ‘अ’नेच सुरू होतो आणि तो मुळातलाच वाटू लागतो.

ज्याफुग बोलणारे १०,०००हून कमी. मुलांची शाळा चिनीत.

[दृश्य: कागदावर *स्-ना, *र्-ना]

ही तारका सांगते, की शब्द कुठं लिहिलेला सापडलेला नाही, या भाषांच्या जुळणीतून त्यांच्या मूळ भाषेतला म्हणून काढलाय. बर्कलीत भाषाशास्त्रज्ञ जेम्स मॅटिसॉफ यांच्या प्रकल्पात १९८७ ते २०१५ हेच काम चाललं. सुरुवात अवयवांपासून, कारण ही नावं सहसा कुणी उसनी घेत नाही. आपल्या ‘नाक’मधला ‘ना’ मात्र यात ओढू नका. तो निव्वळ योगायोग. एकाक्षरी शब्दांत असे योगायोग ढिगानं सापडतात. म्हणून सारखेपणा पुरावा नव्हे, ठरावीक बदल पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे.

[दृश्य: वहीतला ‘डोळा’ रकाना]

डोळा. तिबेटी ‘मिग’, बर्मी लेखनात ‘म्यक’, याच कुळातल्या मिझो आणि मैतेईत (मणिपुरीत) ‘मित’. शेवटच्या क्-चा त् झाला, असा नियम लिहून मोकळं व्हावं, तर ऊ आडवी येते. डोक्यातली ऊ. तिबेटी ‘शिग’, मिझो ‘ह्रिक’, मैतेई ‘हिक’. आधीचा स्वर तोच, पण इथं क् जागच्या जागी. नियम खोडला. ‘मित’पुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.