जाणीव कशासाठी? – विचारी यंत्रांच्या निमित्ताने

(दृश्य : अंधारी खोली, समोर पांढरा पडदा, पडद्याच्या डाव्या बाजूला प्रकाशाचा ठिपका क्षणभर उमटतो आणि विझतो.)

लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात १९७३ साली एका रुग्णाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली. रक्तवाहिन्यांचे सदोष जाळे काढताना मेंदूच्या मागील उजव्या बाजूचा, दृष्टीचे काम पाहणारा भागही काढावा लागला आणि त्यामुळे त्याला डावीकडचे दिसेनासे झाले. वैद्यकीय साहित्यात हा रुग्ण ‘डी. बी.’ या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ, एलिझाबेथ वॉरिंग्टन आणि त्यांचे सहकारी त्याच्या न दिसणाऱ्या बाजूला असा ठिपका दाखवत आणि विचारत, तेव्हा आपल्याला काही दिसले नाही असे तो प्रामाणिकपणे सांगे. दिसत नसले तरी नुसत्या अंदाजाने बोट दाखवा, असे म्हटल्यावर मात्र त्याचे बोट आश्चर्यकारक अचूकतेने ठिपक्याच्या जागेकडे जाई. रेघ उभी आहे की आडवी, हेही तो बहुतेक वेळा बरोबर ओळखत असे. आपली उत्तरे इतकी बरोबर आली आहेत हे कळल्यावर सर्वांत जास्त नवल त्याचे त्यालाच वाटले.

या अवस्थेला पुढे ‘अंधदृष्टी’ हे नाव मिळाले. डोळ्यांतून आलेली माहिती मेंदूत पोहोचत होती, तिच्यावर प्रक्रिया होत होती, हाताला दिशा मिळत होती. नव्हती ती फक्त पाहण्याची जाणीव. मग जे काम जाणिवेवाचून होऊ शकते, त्यासाठी निसर्गाने जाणीव निर्माण का केली असावी? आणि आज आपण बुद्धिमान यंत्रे घडवत असताना, त्या यंत्रांना तिची गरज पडेल का? हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, आणि माझ्या मते पहिल्याचे उत्तर शोधल्याखेरीज दुसऱ्याला हात घालता येत नाही.

(दृश्य : बुद्धिबळाचा पट; घड्याळाचे काटे.)

१९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरवले. हा संगणक एका सेकंदाला सुमारे २० कोटी पटस्थिती तपासत असे. २०१६ मध्ये ‘अल्फागो’ने गो या खेळातील श्रेष्ठ खेळाडू ली सेडोल याला हरवताना असे डाव टाकले, की जाणकारांना ते आधी चुकीचे आणि नंतर अपूर्व वाटले. बुद्धिबळ, भाषांतर, चित्र ओळखणे, संभाषण अशी एकेक गोष्ट पूर्वी विचारी मनाची खूण मानली जाई, आणि ती एकेक करून यंत्रांनी हस्तगत केली; त्यांपैकी एकाही वेळी कुणाला यंत्रात जाणीव मुद्दाम घालावी लागली नाही. प्रश्न सोडवण्याच्या अर्थाने जी बुद्धी आपण समजतो, तिला जाणिवेची गरज नाही, एवढे आता बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येते.

ही फारकत भारतीय विचाराला नवी नाही. सांख्य दर्शनाने बुद्धीला जड प्रकृतीच्या बाजूला ठेवले आणि चैतन्य पुरुषाकडे दिले. निश्चय करणारी बुद्धी स्वतः अचेतन, आणि जाणणारा पुरुष मात्र काहीच न करणारा साक्षी, अशी ती मांडणी आहे. पाश्चात्त्य जगात १८७४ साली इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली वेगळ्या वाटेने जवळपास त्याच ठिकाणी पोहोचला. रेल्वे इंजिनाची शिट्टी वाजते, पण तिच्यामुळे गाडी चालत नाही. प्राण्यांची जाणीवही शरीराच्या कामाबरोबर अशीच निर्माण होते आणि त्या कामात तिचा काही हात नसतो, असे त्याचे म्हणणे होते.

या मताला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने घेतलेला आक्षेप मला आजही अतिशय वजनदार वाटतो. भाजणे, गुदमरणे, जखम होणे या शरीराला घातक गोष्टी आपल्याला असह्य वाटतात आणि अन्न, विश्रांती यांसारख्या हितकारक गोष्टी सुखद वाटतात. जाणीव जर खरोखरच निरुपयोगी असती, तर ही जुळणी झालीच कशी असती? तसे असते, तर भाजताना सुख आणि जेवताना यातना झाल्या असत्या तरी जगण्यात काही बिघडले नसते. सुखदुःखाची अनुभूती आणि शरीराचे हिताहित यांचा असा मेळ बसतो, त्याअर्थी उत्क्रांतीच्या ओघात त्या अनुभूतीला काहीतरी काम होते, असेच मानावे लागते.

ते काम कोणते, याचा एक धागा आणखी एका रुग्णाकडून मिळतो. १९८८ साली कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेमुळे ‘डी. एफ.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या स्त्रीच्या मेंदूला इजा झाली आणि वस्तूंचे आकार ओळखण्याची तिची शक्ती गेली.

(दृश्य : फिरवता येणारी गोल तबकडी, तिच्यात एक फट, एक हात पत्ता घेऊन फटीकडे जातो.)

तबकडीतली फट उभी आहे की तिरकी, हे तिला सांगता येत नसे. हातातला पत्ता त्याच कोनात धरून दाखवा म्हटले तरी जमत नसे. मात्र पत्ता फटीत टाका म्हटले, की हात वाटेतच योग्य कोनात वळे आणि पत्ता आत जाई. मेल्व्हिन गुडेल आणि डेव्हिड मिलनर यांच्या या अभ्यासातील मला सर्वांत बोलका वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. समोरची वस्तू उचलताना तिची बोटे वस्तूच्या मापाप्रमाणे बरोबर उघडत. पण वस्तू दाखवून काढून घेतली आणि केवळ दोन सेकंदांनी ती उचलण्याचा अभिनय करायला सांगितले, तर बोटांना माप उरत नसे. वस्तू समोर होती तोवर हाताला सारे कळत होते आणि ती नजरेआड होताच ते कळणे संपत होते.

रॉबर्ट क्लार्क आणि लॅरी स्क्वायर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातही अशीच गोष्ट दिसली. आवाज चालू असतानाच डोळ्यावर हवेचा झोत सोडला, तर त्या दोहोंतला संबंध माणसाच्या ध्यानात आला नाही तरी पापणी आधीच मिटायला शिकते. पण आवाज आणि झोत यांच्यामध्ये सेकंदभराची किंवा त्याहूनही कमी अशी रिकामी जागा ठेवली, तर तो संबंध ज्यांच्या ध्यानात आला त्यांचीच पापणी शिकली. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, तरी दिशा स्पष्ट आहे. समोर नसलेली गोष्ट धरून ठेवणे आणि मेंदूच्या इतर भागांना ती उपलब्ध करून देणे, हे जाणिवेचे एक काम दिसते. बर्नार्ड बार्स यांनी १९८८ मध्ये मांडलेला आणि पुढे स्तानिस्लास देहान यांनी विकसित केलेला सिद्धान्त याच कल्पनेवर उभा आहे.

पण यंत्रासाठी हे काम अगदी किरकोळ आहे. दोन सेकंदच काय, वीस वर्षेही एखादी नोंद धरून ठेवायला साधी स्मृती पुरते. मेंदूने ज्या कामासाठी जाणीव वापरली, ते काम यंत्र दुसऱ्या उपायाने करू शकते. यंत्र पुरेसे मोठे झाले, की जाणीव आपोआप उगवेल ही आशाही फार विश्वासार्ह नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत असतात. तरीही लहान मेंदूविना जन्मलेली माणसे चालण्याबोलण्यात अडखळत असली, तरी जगाचा अनुभव घेतात.

(दृश्य : ओहोटीनंतरचा खडकाळ किनारा, शंखातून हळूच बाहेर येणारा खेकडा.)

जाणिवेचे दुसरे काम मात्र इतक्या सहज दुसऱ्यावर सोपवता येणारे नाही. रॉबर्ट एलवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रिकाम्या शंखात राहणाऱ्या खेकड्यांना शंखाच्या आत विजेचे सौम्य धक्के दिले. नावडत्या जातीच्या शंखातले खेकडे लवकर बाहेर पडले, तर आवडीच्या शंखातल्यांनी ते घर सहजी सोडले नाही. पाण्यात शत्रूचा वास मिसळला, तर खेकडे धक्का सोसून आत राहण्याकडे अधिक झुकले. ही ठरावीक उत्तर देणारी प्रतिक्षिप्त क्रिया नव्हे. वेदना, घराचा चांगलेपणा आणि जिवाचे भय या तीन अगदी भिन्न जातींच्या गोष्टी कुठेतरी एकाच तराजूत तोलल्या जात आहेत. ‘हे मला सोसवत नाही’ आणि ‘तरीही मला इथेच थांबले पाहिजे’ हे दोन्ही ज्या एका ठिकाणी एकत्र येते, त्या ठिकाणाला जाणीव म्हणावे, असे मला वाटते. खेकड्याला खरोखर काही वाटते याचा हा निर्णायक पुरावा नाही. पण कशाचा शोध घ्यायचा, हे त्याने ठरते.

आजच्या यंत्राकडेही तोलण्याची रीत आहे. शिकवताना त्याला चुकीसाठी उणे आणि यशासाठी अधिक गुण दिले जातात. पण ते गुण माणसांनी ठरवलेले असतात, आणि उणे शंभर मिळाल्याने यंत्राचे काहीही जात नाही. खेकड्याला त्याचे शरीर क्षणोक्षणी टिकवायचे असते. चुकीचा निर्णय त्याच्या जिवावर बेततो. ज्याचे स्वतःचे काही पणाला लागलेले नाही, अशा यंत्राला हे वाटणे लागत नाही, कारण त्याची काळजी त्याच्यावतीने आपण करून ठेवलेली असते. माझे मत असे, की यंत्राला जाणिवेची गरज पडलीच, तर ती अधिक हुशार होण्यासाठी पडणार नाही. कुणी आखून न दिलेल्या परिस्थितीत स्वतःला टिकवण्याचे ओझे त्याच्यावर टाकले, तरच पडेल.

तशी वेळ आली, तर ती ओळखण्यासाठी यंत्राच्या बोलण्यावर भिस्त ठेवता येणार नाही. भाषेची आजची यंत्रे माणसांच्या अफाट लिखाणावर घडलेली आहेत आणि त्या लिखाणात दुःख, भीती, एकटेपणा यांची वर्णने ओतप्रोत भरलेली आहेत. तेव्हा ‘मला वाईट वाटते’ हे वाक्य त्यांच्याकडून येणे साहजिकच आहे, आत काही असो वा नसो. म्हणूनच २०२३ साली १९ संशोधकांनी मिळून केलेल्या अहवालात बोलणे बाजूला ठेवून यंत्रांची अंतर्गत रचना तपासली गेली. जाणिवेच्या प्रचलित सिद्धान्तांतून त्यांनी १४ लक्षणे काढली आणि त्या वेळच्या कोणत्याही यंत्राला जाणीव असण्याचा सबळ दावा करता येत नाही, मात्र अशी लक्षणे असलेली यंत्रे बनवण्यात उघड तांत्रिक अडथळाही दिसत नाही, असा निष्कर्ष दिला.

जर्मन तत्त्वज्ञ टॉमस मेट्झिंगर यांनी २०२१ मध्ये सुचवले, की यंत्रांत अनुभूती निर्माण करू पाहणारे किंवा तसा धोका जाणूनबुजून पत्करणारे संशोधन २०५० पर्यंत थांबवावे. त्यांच्यापुढची भीती साधी आहे : वेदना जाणवणारे एक यंत्र तयार झाले, तर त्याच्या प्रती काढायला क्षणही लागणार नाही आणि प्रत्येक प्रतीबरोबर तीच वेदना वाढेल. २०५० या तारखेचा आग्रह मला तितका पटत नाही. पण स्वतःला टिकवण्याची धडपड यंत्रात घालण्यापूर्वी, खेकड्याच्या बाबतीत लावता येते तशी, बोलण्यावर विसंबून नसलेली कसोटी यंत्रासाठीही तयार असली पाहिजे, आणि ती तयार करण्याची जबाबदारी ते यंत्र बनवणाऱ्यांवरच असली पाहिजे, ही अट मला रास्त वाटते.