ड्रमच्या आत: जुन्या गाडीचे ब्रेक शू बदलताना

चाक उतरवलं की समोर येतो तो ओतीव लोखंडाचा हा ड्रम. बाहेरून बघण्यासारखं फारसं काही नाही. सगळी करामत आत आहे: ड्रम चाकाबरोबर फिरतो, आणि ब्रेक लावला की आतले अर्धगोल आकाराचे दोन 'शू' पसरून त्याला आतून घासतात. आतून शू पसरवणाऱ्या ब्रेकची ही रचना १९०२ सालची, लुई रेनो यांच्या नावावर नोंदली जाते. पुढे १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या गाडीत चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले, आणि नंतर कित्येक दशकं बहुतेक गाड्या अशाच ड्रमच्या भरवशावर थांबत राहिल्या.

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी आहे. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले आहेत. भार जॅकवर ठेवलेला नाही, स्टँडवर घेतला आहे. आता हँडब्रेक सोडायचा. तो ओढलेला राहिला तर मागच्या चाकांचे शू ड्रमला आतून धरून बसतात.

तरीही ड्रम अडतो. शू नेहमी एकाच पट्ट्यावर घासतात, तेवढा भाग झिजतो आणि काठाला न झिजलेली कड उरते. शू तिच्यामागे अडकतात. म्हणून आधी ॲडजस्टर, म्हणजे शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा भाग, सैल करून शू आत घ्यायचे. अनेक ड्रमना आट्यांची दोन छिद्रं असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे, आलटून पालटून आवळले की ड्रम सरळ बाहेर सरकतो. काठावर जोरात घाव घालू नका, ओतीव लोखंड चिरतं.

ड्रम निघाला, आणि आत ही काळपट धूळ. इथे मला आग्रहानं सांगायचं आहे: ती फुंकू नका, हवेच्या दाबानं उडवू नका, सुक्या ब्रशनं झाडू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोगासारखे आजार कित्येक वर्षांनी डोकं वर काढतात. बारीक कण अडवणारा मास्क लावा, धूळ आधी ओली करा, मग ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बंद करून टाका.

आता लगेच पक्कड उचलू नका. आधी नीट बघा आणि फोटो काढा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, शूच्या पुढे की मागे, लायनर शूच्या कोणत्या टोकाकडे सरकलेलं आहे. उघडताना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरी नमुन्याला शाबूत राहते. शू मात्र एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढेल.

एवढी काळजी कशासाठी? कारण दिसायला सारखे असले तरी दोन्ही शूंचं काम सारखं नसतं. साध्या रचनेत शूंना बाहेर ढकलणारा सिलिंडर वर आणि शूंचा टेकू खाली असेल, तर गाडी पुढे जाताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आणखी आपल्याकडे ओढून घेतो. दार रेटलं की खालची पाचर जशी अधिकच रुतते, तसं. मागच्या शूला मात्र ड्रम दूर ढकलतो. ड्युओ-सर्वो प्रकारात पुढचा शू आपलं बळ मागच्या शूकडे सोपवतो, म्हणून तिथे आखूड लायनरचा शू पुढे आणि लांब लायनरचा मागे. ही अदलाबदल झाली तरी सगळं व्यवस्थित बसतं, ड्रमही चढतो. ब्रेक मात्र कमजोर होतो.

जुने शू निघाल्यावर पेडल अजिबात दाबायचं नाही, सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतील. पिस्टनवर घट्ट रबरबँड गुंडाळून ठेवा. सिलिंडरचं रबरी टोपण हळूच उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर बदलायलाच हवा. गळतं ब्रेक ऑइल नव्या लायनरमध्ये मुरलं की ते लायनर वाया गेलं.

नवा शू बसवण्याआधी ड्रमच्या आत धरून बघा. ही पायरी अनेकजण गाळतात, पण माझ्या मते साऱ्या कामाचा जीव इथेच आहे. ड्रम झिजून किंवा लेथवर कापून मोठा झालेला असतो. शूचा बाक असतो नव्या ड्रमच्या मापाचा. शू मधोमध टेकला आणि टोकांशी अगदी बारीक फट राहिली तर चालतं, घासून तो जुळून येतो. टोकं टेकली आणि मध्ये फट दिसली, तर तो शू झटके देईल, आवाज करील. त्याचा बाक घासून जुळवून घ्यावा लागेल. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असेल तर तोही मोजून पाहा. त्यापलीकडे गेलेला ड्रम पुन्हा वापरायचा नाही.

मागच्या पत्र्यावर शू जिथे टेकतात तिथे उष्णता सोसणारं ग्रीस, तेही अगदी पातळ. लायनरला आणि ड्रमच्या आतल्या पृष्ठभागाला त्याचा ठिपकाही लागता कामा नये. स्प्रिंगा चढवा, रबरबँड काढा, ड्रम बसवा.

आता ॲडजस्टर. ड्रम अडेपर्यंत घट्ट करा, पेडल जोरात दाबून सोडा, म्हणजे शू मध्यावर येतात. पुन्हा घट्ट करा, मग ड्रम मोकळा फिरेपर्यंत मागे घ्या. हलकी घासण ऐकू आली तर हरकत नाही. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी जुळवायची. ती आधी ताणली तर शूंचं खरं अंतर कळत नाही. सिलिंडर बदलला असेल तर रस्त्यावर जाण्याआधी ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढायची, आणि पेडल कडक लागतं का ते गाडी उभी असतानाच तपासायचं.

पहिले काही दिवस बेतानं चालवा. मध्यम वेगावरून हळुवार ब्रेक लावा आणि दोन वेळांमध्ये ड्रमला थंड होऊ द्या. तापलेला ड्रम फुगून शूपासून दूर जातो, पेडल जास्त खाली जातं आणि पकड कमी होते. लायनर ड्रमला जुळत जाईल तसं अंतर थोडं वाढेल. तेव्हा गाडी पुन्हा स्टँडवर घ्या आणि ॲडजस्टर एकदा नव्यानं लावा.